वाघदेवाला सांगायचं नाव

मी कुठूनही फिरून आले की आमच्या रोह्याच्या निसर्गमंडळातली मंडळी हक्काने घरी येतात. काय पाहिलं, काय खाल्लं, राहायची सोय कशी, आम्ही जावं का, असे त्यांचे ठरलेले प्रश्न असतात आणि मीही मीठमसाला लावून तासभर बोलते. सिल्वासाहून आल्यावर मात्र मी तिथल्या उंबाडियू नावाच्या पदार्थाचं वर्णन केलं, धरणाच्या पाण्याचे फोटो दाखवले आणि कामं पडली आहेत म्हणून सगळ्यांना लवकर वाटेला लावलं. तेव्हा जे गिळलं ते इथे लिहिते. तोंडाने सांगायला जमत नाही, कारण ऐकणारा समोर बसलेला असतो.

मी भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यापासून 'राखलेलं रान' नावाचं एक व्याख्यान घेऊन गावोगाव हिंडते. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं कशी जन्माला आली त्याचा हा इतिहास. अमेरिकेतल्या उकळत्या पाण्याच्या कारंज्यांपासून सुरुवात करायची, मग हिमालयाच्या पायथ्याशी यायचं, बंदुका टाकून रान राखायला निघालेल्या शिकाऱ्यांचे किस्से सांगायचे आणि शेवटी श्रोत्यांकडून हात वर करून शपथ घ्यायची. जगातल्या त्या पहिल्या उद्यानातून तिथे पिढ्यान्पिढ्या वावरणाऱ्या लोकांना बाहेर काढलं गेलं, हेही मला ठाऊक आहे. त्याची एक स्लाइड आहे. वेळ कमी असला की ती मी गाळते, आणि वेळ नेहमीच कमी असतो.

माझा मावसभाऊ सदानंद बरीच वर्षं सिल्वासाला सरकारी शाळेत शिक्षक आहे. त्याने दिवाळीच्या आधी फोन केला. "कुमुदताई, आमच्याकडे एका राखीव रानाला नवं गेट झालंय. तिथे रानाच्या इतिहासाचा फलक लावणार आहेत, हिंदी, गुजराती आणि मराठीत. मराठीसाठी मी तुझं नाव दिलंय. ये, व्याख्यानही ठेवलंय." त्या रानाचं आणि गेटाचं नाव मी इथे लिहीत नाही. चूक माझी आहे, ती दुसऱ्याच्या पत्त्यावर जायला नको.

सिल्वासा

वापीला उतरून रिक्षाने निघालं की हद्द कधी ओलांडली हे पाटी न वाचताही समजतं. गुजरातेत दारूबंदी, इथे केंद्रशासित प्रदेशात नाही, त्यामुळे हद्दीपाशी दुकानांची अशी दाटी की आपण मुलखात शिरतोय की गुत्त्यात, असा प्रश्न पडावा. शनिवारी गुजरातेतल्या गाड्या इथे रांगेने येतात. पुढे कारखान्यांची लांबच लांब कुंपणं, पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकली आणि मधूनच दमणगंगेचा पूल. गावात पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च आहे आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आकाशकंदिलांची दुकानं लागली होती. ते कंदील बघून मला घरी आल्यासारखं वाटलं.

सदानंदाची वसाहत म्हणजे भाषांची भेळ. शेजारी धुळ्याकडचं कारखान्यात काम करणारं कुटुंब, वर एक गुजराती कारकून, खाली रत्नागिरीच्या बाई. सदानंदाची लेक आईला म्हणते, "मम्मी, चल ने, लेट हो रहा है, मग सर ओरडतील," आणि एका वाक्यात तीन मुलखांतून फिरून येते. मी तिची थट्टा केली तर ती म्हणाली, "आत्या, तू एकच भाषा बोलतेस, तुला बोअर नाही होत?"

संध्याकाळी नंदावहिनीने रस्त्यावरून उंबाडियू आणवलं. पापडी, कंद आणि रताळी मसाला लावून मडक्यात भरतात, वर पाला कोंबतात आणि मडकं उपडं घालून जाळ करतात. ही तर आपली रोह्याकडची पोपटीच! फक्त आपण भांबुर्ड्याचा पाला घालतो, त्यांचा पाला वेगळा, आणि सोबत हिरवी चटणी आणि मठ्ठा. पोपटीत अंडं आणि कोंबडी असते, यात नाही, एवढंच मला खटकलं. तरी मी दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात व्याख्यान झालं. शाल झाली, श्रीफळ झालं, माझ्याबद्दल दोन अतिशयोक्त वाक्यं झाली. मी नेहमीसारखी रंगले. ती एक स्लाइड नेहमीसारखी गाळली. नंतर चहाला रानाचा कारभार पाहणारे साहेब माझ्या शेजारी बसले. चांगला, मऊ बोलणारा माणूस, नुकताच बदलून आलेला. मी आधीच लिहून पाठवलेला फलकाचा मजकूर त्यांना फार आवडला होता. त्यातलं 'माणसाच्या पावलाने न मळलेलं रान' हे वाक्य त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. कोणी आपलं वाक्य पाठ म्हणून दाखवलं की माझ्यासारखीचं काय होतं ते सांगायला नको.

मग ते म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. गेटच्या आत वर्षातून एकदा लोक घुसतात. चूल पेटवतात, कोंबडी कापतात, पितात पण. पहिलेचे साहेब चालवून घेत होते. मी काय करू? आपण एवढी उद्यानं बघितली, आपण सांगा ने."

माझ्या डोळ्यांपुढे हद्दीवरची ती दुकानं आणि शनिवारच्या गाड्या आल्या. कोण लोक, असं मी विचारलं नाही. आदल्या दिवशी पाहिलेल्या रांगांवरून मी लोक ठरवून टाकले. चहाचा कप खाली ठेवून मी व्याख्यानाच्या आवाजात म्हणाले, "अजिबात आत सोडू नका. एकदा सूट दिली की नियम उरत नाही. जगातली सगळी उद्यानं सूट नाकारून उभी राहिली आहेत."

आजूबाजूच्या चार माणसांनी माना डोलावल्या. साहेबांचा चेहरा मोकळा झाला. "बस, मॅडम. आपण बोललात, आता मला वरती सांगायला आधार झाला." मी 'अहो, त्यात काय' असं म्हटलं आणि मनातून फुलून गेले. आपल्याकडे पाहुण्याला शाल दिली की त्याला मत विचारतात, आणि मत विचारलं की पाहुण्याने दिलंच पाहिजे, माहिती असो वा नसो. मी तर अशा वेळी कधीच मागे राहिलेली नाही.

खानवेलच्या पुढे

तिसऱ्या दिवशी सदानंदाने मला मोटरसायकलवर बसवून खानवेलला नेलं. सिल्वासा सोडलं की कारखाने मागे पडतात आणि दोन्ही बाजूंनी झाडं रस्त्यावर ओणवी होतात. खानवेलला नदीकाठी आम्ही चहा घेतला. पुढे धरणाचं पाणी दिसू लागलं, निळं आणि शांत, मधूनच डोंगरांची टोकं वर आलेली. मी काश्मीर काश्मीर म्हणत फोटो काढत होते. सदानंद म्हणाला, "ताई, त्या टोकांच्या खाली शेतं आहेत." मग मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

तो मला सोनकी नावाच्या बाईच्या घरी घेऊन जात होता. सदानंद पूर्वी जवळच्या शाळेवर होता तेव्हा सोनकी तिथे मुलांची खिचडी शिजवायची. वारली बाई, वयाने माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल, अंगाने काटक. कुडाच्या भिंतींचं, स्वच्छ सारवलेलं घर. तिने सदानंदाला 'गुरजी' म्हटलं आणि मला सरळ 'तू'. तिच्या बोलीत सगळ्यांनाच तू. मी तिची भाषा माझ्या कानाने पकडली तशी लिहिते आहे.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद. कोपऱ्यात कणगी नव्या भाताने भरलेली दिसत होती, दाराशी तूस पडलं होतं, तरी पानात भात नव्हता. मी आपलं सहज म्हणाले, "नवा तांदूळ घरात असून भात नाही?"

"वाघदेवाला दिल्याबिगर कसा खायाचा?" सोनकी म्हणाली. "वाघबारस परवा हाय ना. त्याला पयला, मग आमाला. जुना तांदूळ तर कवाच सरला."

परवा म्हणजे वसुबारस. ज्या तिथीला आपण गाय-वासराला ओवाळतो, गहू आणि दूध खात नाही, त्याच तिथीला हे लोक वाघाला पुजतात. मला फार गंमत वाटली. एकाच दिवशी आपल्याकडे गाय आणि इथे वाघ, या वाक्यावर पुढच्या व्याख्यानात हमखास टाळी येईल, असा विचारही मनात चमकून गेला. मी विचारलं, हा देव कुठे आहे?

"आतमधी. तारेच्या आतमधी," सोनकीने हाताने दिशा दाखवली. "माझ्या आज्यानं तठं वाघ बघितला व्हता. फिरंग्याचं राज व्हतं तवा. मंग कुन्या सायबानं तो मारला. वाघ गेला, देव ऱ्हायला. त्या रानात आमी कुऱ्हाड नेत नाय. त्याचं हाय ते. सगळीकडची झाडं गेली, सगळीकडं कारखानं झालं, तेवढंच रान ऱ्हायलं. चांगलं ऱ्हायलं म्हनून सरकारनं तार घातली."

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पण मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते आणि मला माझं वाक्य आठवत होतं. माणसाच्या पावलाने न मळलेलं रान.

तेवढ्यात सोनकीचा पुतण्या रतन आला. खाकी सदरा, कमरेला शिट्टी. तो त्याच गेटवर गार्ड आहे. त्याने मला पाहिलं आणि दारातच थांबला. व्याख्यानाच्या दिवशी साहेबांच्या गाडीबरोबर तो आला होता आणि चहाच्या वेळी भिंतीला टेकून उभा होता, हे मला आत्ता आठवलं.

सोनकी बोलतच होती. "यंदा रतन म्हनतो, जायाचं नाय. सायबानं हुकूम काढला. कुनी मोठी बाई आली व्हती तिकडून, लय शिकल्याली, तिनं सांगितलं सायबाला, कुनालाच सोडू नको. देवाला नाय गेलो तर भात कसा खायाचा? आन तो रागावला तर आमच्या ढोरांवर काढनार. बिबळ्या तर हायच रानात."

सदानंदाने खाली बघून वरणात भाकरी कुस्करायला सुरुवात केली. कुस्करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. रतन माझ्याकडे बघत होता. मी बोलायला हवं होतं. "ती बाई मीच," एवढे तीन शब्द होते. माझे कान इतके गरम झाले की मी पदराने गळा पुसला आणि म्हणाले, "फार उकडतंय, नाही?"

सोनकीने लगेच नातीकडून पंखा मागवला आणि स्वतः मला वारा घालू लागली. "बाई, तू शिकलेली दिसतेस. गुरजीची बहीन हायस. सायबासंगं बोलशील का?"

"बोलते. नक्की बोलते," मी म्हणाले.

तिने माझ्या पानात आणखी दोन करांदे टाकले.

परतताना मी मागे बसून सदानंदावर चिडले. तू मला आधी का नाही सांगितलंस, ते लोक म्हणजे हे लोक, असं त्याच्या कानाशी ओरडले. त्याने आधी एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "ताई, साहेब तुला विचारत होते तेव्हा मी समोशांच्या ताटाजवळ होतो. ऐकलं तोवर तू बोलून बसली होतीस. मग चारचौघांत तुला कसं खोडणार? तुझी शाल अजून खांद्यावर होती." त्याचंही बरोबर होतं. आपल्या माणसांत पाहुण्याला खोडायची रीत नाही, पाहुणा विहीर बुजवायला सांगत असला तरी.

साहेबांच्या खोलीत

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं. गैरसमज झाला, मला पर्यटक वाटले, हे तर तिथलेच लोक आहेत, ते रानच त्यांनी राखलेलं आहे, वर्षातून एकदाच जातात. बोलता बोलता माझा आवाज व्याख्यानाचा झाला. मलाच तो नको झाला.

साहेब शांतपणे ऐकत होते. "मॅडम, मी वरती कळवून टाकलंय. एक्सपर्टचं मत घेतलंय, असं पण बोललो. आता दोन दिवसात फिरवलं तर मला काय बोलतील? आपणच बोललात ने, सूट दिली की नियम उरत नाही."

माझंच वाक्य होतं. त्यात एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता त्यांनी.

मी म्हणाले, मी लिहून देते की माझं चुकलं. ते हसले, वाईट हसले नाहीत. म्हणाले, लिहून दिलंत तर बघू, पण दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, आता वर कोण बसलंय वाचायला. मग थोडा विचार करून म्हणाले, "एक करू शकतो. आपण आमच्या पाहुण्या आहात. आपल्याला आत जायला कोण अडवतो? उद्या गार्डला घेऊन जा आणि त्यांच्या तर्फे पूजा करून या. जाळ नको, कोंबडा नको. बाकी फूल, तांदूळ, काही हरकत नाही."

म्हणजे ज्यांचा देव ते बाहेर, आणि ज्या बाईने त्यांना बाहेर ठेवलं ती आत. यात मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज नीट सुचतं. तेव्हा मी म्हणाले, "थँक यू."

गेट

वाघबारशीच्या सकाळी नंदावहिनीने दारात गाय-वासराची रांगोळी काढली होती. मी तिच्यावर पडणार नाही असा पाय उचलून बाहेर पडले.

गेटापाशी सोनकी आणि तिच्या पाड्यातली माणसं आधीच येऊन बसली होती. बायकांनी तीन दगडांची चूल बाहेर रस्त्याच्या कडेला मांडली होती. वर हंडा ठेवलेला, खाली जाळ नाही. आत देवाला पोचलं की मग पेटवायची. पोरं हंड्याभोवती घुटमळत होती. कोंबडा पाय बांधून झाडाखाली ठेवला होता. कोणी आरडाओरडा करत नव्हतं, कोणी गेटाला हात लावत नव्हतं. त्यांनी मारामारी केली असती तर मला बरं वाटलं असतं.

गेटाशेजारी फलक उभा होता, अजून कागदाने झाकलेला. मी तिकडे पाठ करून उभी राहिले.

सोनकीने पळसाच्या पानात नव्या तांदळाचे दाणे, शेंदूर, एक अंडं बांधून दिलं आणि बाटलीत थोडी ताडी. मला समजावून सांगू लागली. आधी शेंदूर लाव, मग दाणे ठेव, मग अंडं, मग ताडीची धार सोड. ते सगळं मला जमण्यासारखं होतं. मग ती जवळ आली.

"आन त्याला सांग, आमी का नाय आलो. मनात नाय, तोंडानं. तो इचारतो. कुनी अडवलं त्याचं नाव सांग. नाव सांगितलं की आमच्यावर राग ऱ्हात नाय. पन खरं नाव सांग हां. खोटं सांगितलं तर तो फिरून आमच्याच दारात येतो."

"आणि ज्याचं नाव सांगेन त्याचं काय?" मी विचारलं.

"ते त्याचं तो बघील," सोनकी म्हणाली.

रतनने कुलूप काढलं. मी आत गेले. मागे गेट लागल्याचा आवाज आला.

रान खरंच सुंदर होतं. आयुष्यभर रानं पाहिली, पण एवढे जुने साग आणि हळदू एका जागी मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत. ओढ्याला पाणी होतं. कुठूनतरी महाभृंगराज पक्षी शीळ घालत होता. एरवी मी थांबले असते, दुर्बीण काढली असती, रतनला चार नावं सांगितली असती. त्या दिवशी मी खाली बघत चालले. पायवाट मळलेली होती. कित्येक पावलांनी, कित्येक वर्षं.

वाघदेव म्हणजे लाकडाची एक जाड फळी, जमिनीत रोवलेली. तिच्यावर वाघ कोरलेला, पट्टे ओबडधोबड, वर चंद्र आणि सूर्य. जुन्या शेंदराचे थर बसले होते. समोर मागच्या वर्षीच्या चुलीचा काळा दगड. रतनने चपला काढल्या, मीही काढल्या.

शेंदूर लावला. दाणे ठेवले. अंडं ठेवलं. ताडीची धार सोडली. मग मी उभी राहिले.

मी देवबीव मानत नाही. मंडळात सगळ्यांना माहीत आहे, सत्यनारायणाच्या पूजेलाही मी प्रसादापुरती जाते. मग समोरच्या त्या फळीपुढे माझं स्वतःचं नाव घ्यायला काय हरकत होती? कुमुद, एवढं म्हणायचं होतं. कुमुदने अडवलं. ऐकायला होता फक्त रतन, आणि त्याला तर ते आधीच माहीत होतं. तरी मला ते जमलं नाही. मला त्या लाकडातल्या वाघाची भीती वाटली असं म्हणायलाही मी तयार आहे, पण ते खरं नाही. मला त्या गार्डसमोर ते तोंडाने म्हणायची लाज वाटली. एवढंच.

मी घसा साफ केला आणि म्हणाले, "वाघदेवा, तुझी माणसं बाहेर आहेत. त्यांचा दोष नाही. सरकारने अडवलंय."

मग रतन हळूच म्हणाला, "बाई, नाव ऱ्हायलं."

"सांगितलं ना. सरकार."

"सरकार हे नाव नाय, बाई."

तो माझ्याकडे बघत नव्हता, फळीकडे बघत होता. तो मला आणखी एक संधी देत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चपला पायात घातल्या आणि म्हणाले, "चला, लोक थांबलेत."

परत येताना तो माझ्या बराच पुढे चालला. गेट त्याने उघडून धरलं आणि मी बाहेर आले. सगळे उभे राहिले. सोनकी पुढे आली, तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. शेंदूर तिच्याही तळव्यांना लागला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"नाव सांगितलंस?"

"हो."

तिने वळून बायकांना हाक दिली आणि चूल पेटली. पोरं ओरडली. कोंबड्याचं तिथेच बाहेर जे व्हायचं ते झालं. भाताला कढ येईपर्यंत एक म्हातारा गेटाकडे तोंड करून तारपा वाजवत होता आणि माणसं त्याच्याभोवती हात गुंफून हळूहळू फिरत होती. मला खाली सतरंजीवर बसवलं. मी बसले आणि त्यांचा नाच पाहिला. सुंदर होता. त्याबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

भात झाला. पानं मांडली. सोनकीने पहिला डाव भरला आणि नातवंडांच्या, म्हाताऱ्यांच्या आधी माझ्या पानात घातला. मी म्हणाले, अगं, आधी त्यांना. तिने ऐकलं नाही. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तू आमच्या घरी जेवून गेलीस ना, त्याच सांजला रतननं सांगितलं मला, ती मोठी बाई तूच. मला लय राग आला व्हता. पन तू सोता आत गेलीस, सोता सोताचं नाव सांगितलंस. असं कुनी करत नाय, बाई. आता त्याचा राग नाय तुझ्यावर. माझा बी नाय. खा."

पानातून वाफ येत होती. मी मान वर केली. रतन पंगतीच्या टोकाला बसला होता आणि काकीचं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं. तो काही बोलला असता तर हंडा तिथेच पालथा झाला असता आणि पोरं उपाशी उठली असती. तो काही बोलला नाही. त्याच्या पानात भात पडला तेव्हा त्याने पान उचलून शेजारच्या म्हाताऱ्यापुढे ठेवलं.

"का रं?" सोनकीने विचारलं. "नवा हाय. खा की."

"ड्युटीवर हाय," रतन म्हणाला, आणि उठून गेटाशी जाऊन उभा राहिला.

सोनकी माझ्याकडे बघून हसली, मला घास घ्यायची खूण केली. भात मऊ होता, नव्या तांदळाचा गोड वास येत होता. मी तो सगळा खाल्ला.